मांडी मागून दुखते तेव्हा

मांडी मागून दुखायला लागली की घरात तीन सल्ले लगेच मिळतात. कुणी म्हणतं तेल लावून रगडून घे, कुणी म्हणतं पाय ताण, मोकळा होईल, आणि कुणी सांगतं की ही सायटिकाच, एमआरआय काढ. यातला प्रत्येक सल्ला कुणा ना कुणासाठी बरोबर असतो आणि दुसऱ्या कुणासाठी घातक. फाटलेला स्नायू ताणला तर आणखी फाटतो. शिरेत गुठळी झालेला पाय रगडला तर जिवावर बेतू शकतं. आणि एमआरआयमध्ये मणक्यापाशी काहीतरी दिसलं म्हणून दुखणं तिथूनच येतंय, असं होत नाही.

मांडीच्या मागे दुखणं जाणवतं, पण त्याचं मूळ बऱ्याचदा दुसरीकडे असतं: कमरेत, कुल्ल्यात, कधी पोटातून पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत. म्हणून सुरुवात कशी झाली, कशाने वाढतं आणि काय केलं की थांबतं, या तीन प्रश्नांची उत्तरं आधी गोळा करायची. ती नीट सांगता आली तर डॉक्टरांचं निम्मं निदान तिथेच होतं.

आधी तिथे काय काय आहे ते पाहू. खुर्चीवर ताठ बसून दोन्ही हातांचे तळवे कुल्ल्यांखाली घाला. जी दोन टणक हाडं टोचतात ती बैठकीची हाडं. तिथून तीन लांब स्नायू निघतात, मांडीच्या मागून खाली येतात आणि गुडघा ओलांडून पायाच्या हाडांना चिकटतात. गुडघा थोडा वाकवून लवणीच्या, म्हणजे गुडघ्यामागच्या खळग्याच्या, दोन्ही बाजूंना बोटं लावली की ज्या ताठ कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या) हाताला लागतात, त्या यांच्याच. तिघांना मिळून हॅमस्ट्रिंग म्हणतात. गुडघा वाकवणं आणि मांडी मागे नेणं ही त्यांची दोन कामं. दोन सांधे ओलांडणारा स्नायू दोन्हीकडून ताणला जातो, आणि त्याच्या बहुतेक दुखापती यातूनच होतात. याच स्नायूंच्या मधून सायटिक नस (मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे) जाते. शरीरातली ही सगळ्यात जाड नस. कमरेच्या खालच्या मणक्यांमधून आणि माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडातून निघालेल्या पाच मुळ्या एकत्र येऊन ती बनते आणि कुल्ल्यातून मांडीत उतरते.

आता सगळ्यात ओळखीचं कारण घेऊ: स्नायू फाटणं, ज्याला आपण लचक भरली किंवा स्नायू ओढला गेला म्हणतो. २०१७ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत उसेन बोल्ट शेवटच्या शर्यतीत, रिलेचा शेवटचा टप्पा धावताना, डावी मांडी धरून कोसळला होता. जगातल्या सगळ्यात वेगवान माणसाचं जे झालं तेच दरवर्षी पोलीस भरतीच्या मैदानांवर कितीतरी मुलामुलींचं होतं. वर्षभर अभ्यासिकेत दहा-दहा तास बसायचं, मैदानी चाचणीची तारीख आली की भल्या पहाटे गार अंगाने थेट १०० मीटर पूर्ण जोराने मारायचे. साठ-सत्तर मीटरवर मांडीत खटकन काहीतरी तुटल्यासारखं होतं आणि पाय पुढे टाकवत नाही.

हे नेमकं कधी घडतं हे समजण्यासारखं आहे. धावताना पुढे फेकलेला पाय जमिनीला टेकायच्या जरा आधी, क्षणभर, मांडी पुढे वर असते आणि गुडघा वेगाने सरळ होत असतो. त्या क्षणी हॅमस्ट्रिंग जास्तीत जास्त लांबलेला असतो आणि त्याच वेळी त्याला पूर्ण ताकदीने आकसून पायाला ब्रेक लावायचा असतो. लांबत असतानाच जोर लावायचा, हे स्नायूसाठी सगळ्यात अवघड काम. वेग जितका जास्त, तितका ब्रेक मोठा. म्हणून १६०० मीटरपेक्षा १०० मीटरला हे जास्त होतं, आणि थकल्यावर आणखी जास्त. कबड्डीत वेगळा प्रकार दिसतो. चढाईला गेलेल्या खेळाडूचा पाय बचावपटूने धरलेला असतो आणि तो सगळं अंग पुढे झोकून रेषेकडे हात टाकतो. इथे वेगाचा भाग कमी, ताणाचा जास्त. नाचात पाय खूप वर फेकताना होते ती दुखापतही याच जातीची. अशी ताणाची दुखापत बैठकीच्या हाडाच्या जवळ होते, पहिल्या दिवशी फार दुखत नाही, पण भरायला जास्त वेळ घेते. हे खेळाडूंना पटत नाही आणि ते लवकर मैदानात उतरतात.

दुखापत किती मोठी? चालताना थोडं खटकतंय, ताकद जवळपास आहे, तर थोडेच तंतू गेलेले असतात आणि एक ते तीन आठवड्यांत काम भागतं. लंगडावं लागतंय, दोन-तीन दिवसांनी काळंनिळं पडलंय आणि ते लवणीपर्यंत उतरलंय, तर महिना-दोन महिने धरून चाला. बैठकीच्या हाडापाशीच फट्‌कन आवाज झाला, बसवत नाही, पाय उचलता येत नाही, मोठं काळंनिळं पडलं, तर कंडरा हाडापासून सुटलेली असू शकते. तिथे वाट पाहू नये. काही जणांना शस्त्रक्रिया लागते आणि ती पहिल्या काही आठवड्यांतच सोपी असते, नंतर कंडरा आत आकसून चिकटते.

तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, कारण शाळेच्या मैदानावर ती हमखास निसटते. या वयात बैठकीच्या हाडाचा तो भाग अजून मूळ हाडाशी पक्का जुळलेला नसतो, मध्ये कूर्चा असते. स्नायूपेक्षा ही जोडणी कच्ची. त्यामुळे मोठ्या माणसाचा जिथे स्नायू फाटतो तिथे मुलाच्या हाडाचा तुकडाच निघू शकतो. "लचक आहे, दोन दिवसांत बरं होईल" म्हणून त्याला पुन्हा धावायला लावू नका. एक साधा एक्स-रे पुरतो.

पहिल्या दोन-तीन दिवसांत करायचं फार थोडं आहे. धावणं थांबवा, दुखणं सोसवेल इतपतच चाला, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटं ठेवा, क्रेप बँडेज बांधा. शेक नको, रगडणं नको, जोरात ताणणं तर नकोच. पण पलंगावर पडूनही राहू नका. दुखणं सोसवेल इतपत हालचाल आणि हलका व्यायाम लवकर सुरू केला तर स्नायू चांगला भरतो. पुन्हा दुखापत होण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे आधीची दुखापत. चालताना दुखत नाही म्हणजे बरा झाला, असं नाही. दोन्ही पायांची ताकद सारखी झाली, पाय पूर्ण ताणला तरी भीती वाटत नाही आणि टप्प्याटप्प्याने वेग वाढवत पूर्ण जोराने धावलं तरी दुसऱ्या दिवशी ठणकत नाही, हे पाहिल्याशिवाय चाचणीला उभं राहणं म्हणजे वर्ष वाया घालवणं.

काहींचं दुखणं असं एका झटक्यात येत नाही. ते बैठकीच्या हाडावर हळूहळू सुरू होतं, बोट ठेवून दाखवता येतं, आणि गाडी चालवताना किंवा कडक बाकावर बसलं की वाढतं. धावायला सुरुवात केली की दुखतं, अंग गरम झालं की कमी होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. अर्धमॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांत आणि चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांत हे बरंच दिसतं. इथे स्नायूची नव्हे, कंडरेची तक्रार असते. कमरेतून पुढे वाकलं की ही कंडरा बैठकीच्या हाडावर, रहाटाच्या चाकावरून जाणाऱ्या दोरासारखी, दाबली जाते. म्हणून पादहस्तासन, पश्चिमोत्तानासन, पाय कठड्यावर ठेवून ओणवं होणं, हे "मोकळं करण्याचे" प्रकार हे दुखणं वाढवतात. लोक दुखतंय म्हणून ताणतात आणि ताणतात म्हणून दुखत राहतं. मला हे सगळ्यात जास्त खटकतं, कारण रुग्ण अतिशय मनापासून, रोज नेमाने स्वतःचं नुकसान करत असतो. ताणणं बंद करून ताकद वाढवणं हा उपाय आहे. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलायची आणि अर्धा-पाऊण मिनिट धरून ठेवायची, तिथून सुरुवात. मग हळूहळू वजन वाढवायचं. तीन ते सहा महिने लागतात. त्या काळात बसताना मांडीखाली उशी ठेवून हाडावरचा भार कमी करा आणि चढावर धावणं टाळा. मागावर किंवा कडक पाटावर तासन्‌तास बसणाऱ्यांना याच जागी हाडावरची छोटी पिशवी सुजूनही असंच दुखतं. त्यांना गादी आणि मधूनमधून उठणं यानेच बराच आराम पडतो.

आता सायटिका. हे आजाराचं नाव नाही, लक्षणाचं आहे: सायटिक नसेच्या मुळ्या कुठेतरी दाबल्या किंवा चिडल्या की त्या नसेच्या वाटेने कळ जाते. बहुतेक वेळा कारण असतं कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांजवळची गादी, म्हणजे दोन मणक्यांमधली मऊ चकती. बॉस्टनचे मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी १९३४ साली फुटलेली गादी आणि पायात जाणारी कळ यांचा संबंध ठामपणे दाखवला. त्याआधी दोष बराचसा कमरेखालच्या सांध्याला दिला जायचा.

ही कळ स्नायूच्या दुखण्यापेक्षा वेगळी असते. कुल्ल्यातून सुरू होऊन मांडीमागून गुडघ्याच्या खाली उतरते, विजेचा झटका बसल्यासारखी किंवा जळजळणारी असते, सोबत मुंग्या येतात किंवा एखादा पट्टा बधिर होतो. खोकताना, शिंकताना, शौचाला जोर करताना चमक निघते. कमरेच्या सगळ्यात खालच्या गादीने मुळी दाबली असेल तर करंगळीच्या बाजूचं पाऊल बधिर होतं आणि त्या पायाच्या चवड्यावर उभं राहणं जड जातं. तिच्या वरची गादी असेल तर अंगठ्याच्या बाजूला, आणि टाचेवर चालणं जड जातं.

स्नायू की नस, हे ओळखायला घरी करून बघता येईल अशी एक गोष्ट आहे. खुर्चीवर पाठ थोडी झुकवून बसा आणि दुखरा पाय हळूच गुडघ्यात सरळ करत जा. मांडीमागे ओढ लागली की तिथेच थांबा. आता पाय अजिबात न हलवता फक्त हनुवटी छातीकडे न्या, आणि मग मान वर करा. मान खाली नेल्यावर मांडीतलं दुखणं वाढलं आणि वर केल्यावर कमी झालं, तर नसेवर संशय घ्यायला हरकत नाही, कारण हॅमस्ट्रिंग मानेशी जोडलेला नाही. मज्जारज्जूची आवरणं आणि नसा मात्र डोक्यापासून पायापर्यंत सलग आहेत, एका टोकाला हलवलं की दुसऱ्या टोकाला ताण पोचतो. डॉक्टर उताणं झोपवून पाय सरळ वर उचलून बघतात त्यामागेही हाच विचार. हे पक्कं निदान नाही, पण स्नायूकडे बघायचं की कमरेकडे, एवढं ठरवायला उपयोगी पडतं.

आणि एमआरआय? दुखत नसलेल्या धडधाकट माणसांचे एमआरआय काढून पाहिले, तेव्हा विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांच्या गाद्या बाहेर आलेल्या दिसल्या. केस पिकतात तशा गाद्याही झिजतात. त्यामुळे अहवालातले 'बल्ज' (गादी फुगून बाहेर येणं) वगैरे शब्द वाचून धसका घेऊ नका. लक्षणं आणि तपासणी त्या मुळीशी जुळली तरच त्या चित्राला अर्थ आहे. गादीमुळे आलेली सायटिका बहुतेकांची सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना बरीच कमी होते, आणि बाहेर आलेला भाग शरीर पुष्कळदा स्वतःच शोषून घेतं. पंधरा-पंधरा दिवस पडून राहण्याचा काहीच फायदा नाही. थोडं चालणं, बसण्याची वेळ कमी करणं आणि वेदनाशामक डॉक्टरांना विचारून घेणं, हे बहुतेक वेळा पुरतं.

मात्र काही लक्षणं दिसली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट मोठ्या रुग्णालयात जायचं. लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, सायकलच्या सीटला लागणारा भाग बधिर होणं, दोन्ही पायांत कळा आणि अशक्तपणा. कण्याच्या शेवटी असलेला नसांचा जुडगा दाबला गेल्याची ही खूण. इथे शस्त्रक्रियेला झालेला उशीर कायमचा भोवतो. पाऊल एकाएकी लुळं पडलं, ताप येतोय, वजन उतरतंय, आधी कर्करोग झालेला आहे किंवा जोरात पडल्यानंतर दुखणं सुरू झालंय, तरीही घरगुती उपचारात वेळ घालवू नका.

कधी नस कमरेत न दबता कुल्ल्यातल्या खोल स्नायूंमध्ये चिडते. कंबर दुखत नाही, कुल्ल्यात खोलवर रग लागते आणि बसलं की मांडीमागे उतरते. मागच्या खिशात जाड पाकीट ठेवून दिवसभर रिक्षा किंवा ट्रक चालवणाऱ्यांनी आधी ते पाकीट पुढच्या खिशात टाकावं. माकडहाडाच्या वरचं ते त्रिकोणी हाड आणि कमरेचं हाड यांच्यातला सांधाही मांडीमागे दुखणं पाठवतो, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर विशेष. अशी पाठवलेली वेदना बोजड आणि पसरट असते, नेमकं बोट ठेवता येत नाही आणि सहसा गुडघ्याच्या वरच थांबते.

साठीच्या पुढे चित्र बदलतं. आजोबा म्हणतात, "चौकापर्यंत जातो आणि मांड्या भरून येतात, थांबावंच लागतं." घरचे म्हणतात वय झालं. इथे दोन अगदी वेगळी कारणं असतात, आणि ते थांबून काय करतात यावरून बऱ्याच अंशी ओळखता येतात. थांबून कट्ट्यावर बसावं लागलं, किंवा भिंतीला हात टेकून पुढे ओणवं झाल्यावर बरं वाटलं, तर कण्यातली नसांची वाट वयोमानाने अरुंद झालेली असावी. पुढे वाकलं की ती वाट थोडी रुंदावते. म्हणून हीच मंडळी दहा मिनिटं चालू शकत नाहीत, पण सायकल आरामात चालवतात, आणि चढापेक्षा उतार त्यांना त्रासदायक वाटतो. याउलट जागच्या जागी नुसतं उभं राहिलं तरी दोन-तीन मिनिटांत दुखणं थांबत असेल, दर वेळी साधारण तेवढंच अंतर चालल्यावर येत असेल, आणि चढावर लवकर येत असेल, तर पायाकडे रक्त कमी पोचतंय. बहुतेकांना हे पोटरीत होतं. अडथळा वर पोटात असेल तर कुल्ला आणि मांडी दुखते. विडी-सिगारेट ओढणारे आणि मधुमेही यांत हे जास्त. घोट्यापाशी आणि दंडावर रक्तदाब मोजून दोन्हींची तुलना करायची, ही सोपी तपासणी. घोट्याचा आकडा दंडाच्या ०.९ पटीपेक्षा कमी भरला तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत. याकडे दुर्लक्ष करू नये, कारण ज्याच्या पायाच्या रक्तवाहिन्या अशा, त्याच्या हृदयाच्याही तपासायला हव्यात.

शिरेतली गुठळी हे कारण त्या मानाने कमी आढळतं, पण चुकवून चालत नाही. एकच पाय सुजलेला, गरम, जड, लालसर किंवा काळपट, मांडी आणि पोटरी दाबली की दुखते, आणि अलीकडे शस्त्रक्रिया, प्लास्टर, दीर्घ आजारपण, लांबचा बसून प्रवास, कर्करोग किंवा बाळंतपण झालेलं आहे. बाळंतपणाचा उल्लेख मुद्दाम करतोय. आपल्याकडे बाळंतिणीला अंथरुणावर विश्रांती आणि रोजची तेलमालिश असते. प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत गुठळीचा धोका नेहमीपेक्षा बराच जास्त असतो. एक पाय सुजला असेल तर मालिश त्या क्षणी थांबवा आणि त्याच दिवशी डॉप्लर सोनोग्राफी (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी) करून घ्या. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर दम लागतो, छातीत दुखतं, भोवळ येते. तसं झालं तर सरळ १०८ ला फोन.

उरलेली कारणं थोडक्यात. रात्री झोपेत गोळा येतो तो पाय सरळ करून पाऊल स्वतःकडे ओढलं की सुटतो. नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या धरतात, ते आपोआप जातं. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सुरू केल्यावर दोन्ही मांड्या दुखायला लागल्या तर डॉक्टरांना सांगा, परस्पर गोळी बंद करू नका. एका बाजूच्या पट्ट्यात आग होतेय आणि कातडीला कपडाही सोसवत नाही, तर दोन-चार दिवस त्वचेकडे लक्ष ठेवा, नागिणीचे फोड कधी कधी दुखण्यानंतर येतात. त्यावरचं औषध फोड आल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू केलेलं चांगलं.

भरतीच्या मुलांसाठी आणि खेळाडूंसाठी एक व्यायाम, ज्याचा फायदा अनेक अभ्यासांत दिसला आहे: नॉर्डिक हॅमस्ट्रिंग. सतरंजीवर गुडघ्यांवर ताठ उभं राहायचं, जोडीदाराने मागून दोन्ही घोटे घट्ट दाबून धरायचे. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून पुढे झुकत जायचं, जितकं सावकाश जमेल तितकं, आणि तोल सुटला की हातांवर यायचं. हातांनी ढकलून पुन्हा वर. लांबत असताना जोर लावायची सवय स्नायूला यातूनच होते, आणि धावताना नेमकं तेच लागतं. नियमित करणाऱ्या खेळाडूंमध्ये हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या आहेत. आठवड्यातून एकदा, पाच-पाचचे दोन फेर इतकंच सुरुवातीला, कारण पहिल्या वेळी मांड्या चांगल्याच धरतात. मग दोन-अडीच महिन्यांत आठवड्याला दोन-तीनदा, आठ ते दहाचे तीन फेर. चाचणीच्या आदल्या दोन दिवशी करू नका. आणि हे चाचणीच्या किमान दहा आठवडे आधी सुरू करा, तारीख जाहीर होण्याची वाट पाहू नका.